वकीलसाहेबांच्या मोटारीची रेस

बी.एस्सी. होऊन पुण्याहून सोलापूरला परतलो, तेव्हा माझ्याबद्दल एक गैरसमज पसरलेला होता. मला यंत्रांतलं कळतं, असा. मी पदार्थविज्ञान शिकलो होतो हे खरं, पण त्याचा अर्थ एवढाच की लोलक किती वेळात हेलकावा घेतो ते मला कागदावर काढून दाखवता येत असे. आमच्या केम गावात हा फरक कुणाला समजावणार? घराण्यातला मी पहिला पदवीधर. गावी गेलो की लोक बिघडलेली कुलपं घेऊन येत.

माढ्याच्या शाळेतून मला उचलून पुढचं सगळं शिक्षण ज्यांनी केलं, त्या वकीलसाहेबांचाही तोच समज होता. सात रस्त्याजवळ त्यांचा बंगला होता आणि मागच्या खोलीत मी राहत असे. त्यांचे उपकार मी आजही विसरलेलो नाही. म्हणूनच त्यांच्या मोटारीबद्दल थोडं मोकळेपणानं लिहितो.

ती दोन माणसांची, हिरवी, लांब नाकाची स्पोर्ट्स मोटार होती. एका गिरणीतल्या गोऱ्या साहेबानं विलायतेला परत जाताना ती विकली, तेव्हाच तिचं वय झालेलं होतं. वकीलसाहेब देहानं भरभक्कम. ते तिच्यात बसत नसत, तिला अंगात घालत. शेजारच्या उरलेल्या जागेत ड्रायव्हर अंग चोरून मोटार चालवी. हा ड्रायव्हर गोऱ्या साहेबाकडून मोटारीबरोबरच आलेला. वय पन्नाशीपुढे. मी त्याला चाचा म्हणत असे आणि तो मला मास्तर म्हणे, कारण मी नुकताच हायस्कुलात तात्पुरता लागलो होतो.

त्या वर्षी ऑक्टोबरात मोटारीला एक खोड लागली. उभी असताना तिनं हळू गुरगुरावं, तर ती एकदम रेस वाढवून बोंबलायला लागे. पेडलवर पाय नाही, काही नाही. बरं, रोज नाही. कधी होई, कधी नाही. एकदा कोर्टाच्या पायऱ्यांपाशी तिनं असा गळा काढला की आतून शिपाई आला आणि म्हणाला, न्यायाधीशसाहेब विचारतात, हे वाद्य बंद होईल का.

वकीलसाहेबांनी निकाल तिथल्या तिथे दिला. चाचा रेसच्या स्क्रूशी चाळा करतो.

"मैं हात बी नै लगाया, साब," चाचा म्हणाला.

"मग काय आपोआप ओरडते? पुढच्या शनिवारपर्यंत थांबतो. नाही सुधारली तर दुसरं घर बघ."

दुसरं घर कुठलं? गावात मोटारी मोजक्या. एकीवरून काढलेल्या ड्रायव्हरला दुसरीवर कोण बसवणार? त्यातून चाचाची नजर अधू व्हायला लागली होती. हे तो आणि मी सोडून कुणाला माहीत नव्हतं. या मोटारीची सवय हाताला होती म्हणून निभावत होतं. दुपारी तो माझ्या खोलीच्या दारात येऊन बसला. "मास्तर, तुम तो इतना पढे. देखो की जरा."

सात रस्त्याला एका मिस्त्रीचं गॅरेज होतं. हा तेलुगू विणकरांच्या घरातला. घरी बाप नि भाऊ मागावर, हा इंजिनात. तीनदा मोटार त्याच्याकडे नेली. तिन्ही वेळा ती शहाण्या मुलीसारखी वागली. त्यानं स्क्रू पाहिला, स्प्रिंग बदलली, जोडांतून हवा शिरते का म्हणून तेल सोडून पाहिलं. मी शेजारी उभा राहून मान डोलावत होतो.

"बी.एस्सी. साहेब," मिस्त्री म्हणाला, "गाडीला काय बी झालं न्हाय. वकिलाला झालंय."

मग मी प्रयोगशाळेत शिकलेला एकमेव उपाय केला. वही घातली. वार, वेळ, ऊन, पेट्रोल, रेस. आठवड्याभरात दिसलं ते असं: रेस वाढे ती फक्त सकाळी, आणि वकीलसाहेब कोर्टाला निघत त्याच दिवशी. दोन-तीन मैल गेल्यावर आपोआप उतरे. संध्याकाळी कधीच नाही. रविवारी नाही.

यावरून मी सिद्धांत मांडला. वकीलसाहेबांच्या वजनानं मोटारीचा सांगाडा वाकतो आणि पेडलची कांब ओढली जाते. आज हसू येतं, पण तेव्हा मी आकृतीसुद्धा काढली होती. गुरुवारी वकीलसाहेब घरीच होते. मी कोठीतून ज्वारीची दोन पोती आणून त्यांच्या जागेवर बसवली आणि चाचाला मोटार चालू करायला सांगितली. ती मांजरासारखी गुरगुरली.

"बोरे को काला कोट पहनाओ, मास्तर," चाचा म्हणाला. "फिर चिल्लाएगी."

तो रागावला होता, आणि ते बरोबरच होतं. दोन दिवस उरले होते आणि मी त्याच्या मोटारीत ज्वारी भरत होतो. पण त्याचं ते बोलणं डोक्यात राहिलं. पोत्याचा दिवस आणि कोटाचा दिवस यांत वजन सोडून फरक काय? पोत्यांसाठी कुणी मोटार धूत नाही. कोर्टाच्या दिवशी मात्र चाचा पहाटे उठून सहा बादल्या पाणी ओतून ती लख्ख करी.

शुक्रवारी सकाळी मिस्त्रीला बंगल्यावरच बोलावलं. चाचानं मोटार धुतली. बॉनेटच्या फटींतून पाणी आत ओघळत होतं. हँडल मारलं, आणि मोटारीनं असा टाहो फोडला की कुंपणावरचे कावळे उडाले.

मिस्त्रीनं बॉनेट उघडलं. मग एक बोट घालून त्यानं काहीतरी छेडलं. कार्बुरेटरचा रेस कमीजास्त करणारा दांडा आणि पेट्रोलची नळी यांच्यामध्ये हळदीनं पिवळा झालेला सुताचा पिळदार दोरा होता. पाच वेढे. भिजून तारेसारखा ताणला होता आणि दांडा ओढून बसला होता.

"सूत भिजलं की आखडतं," मिस्त्री म्हणाला. "वाळलं की सैल. इंजिन तापलं की वाळणारच की. आमच्या घरात लेकराला बी म्हाईत हाय. पुण्यात शिकवत न्हाईत व्हय?"

दोरा मी बांधला होता. खंडेनवमीला घरातल्या हत्यारांबरोबर मोटारीची पूजा झाली. चाकांना हार, दिव्यांना कुंकू. सगळे आत गेल्यावर मला वाटलं, खरं हत्यार इंजिन, त्याला काहीच नाही? बॉनेट उघडून मनगटासारखं काही दिसतं का पाहिलं. तो दांडा दिसला. दोरा घसरत होता म्हणून नळीलाही गुंडाळून घट्ट केला.

आणि तो काही लपलेला नव्हता. मिस्त्रीनं तिन्ही वेळा पाहिला होता. "पूजेचं हाय, म्हणून हात लावला न्हाय." चाचा म्हणाला, तुमच्या देवाचं, मी कशाला शिवू? आणि मी तर नव्या स्प्रिंगच्या वेळी तो दोरा स्वतः अलगद बाजूला धरून उभा होतो. स्क्रूवर, स्प्रिंगवर, वकीलसाहेबांच्या वजनावर संशय घेतला. दोरा यंत्राचा भाग आहे हे तिघांच्याही डोक्यात आलं नाही.

मिस्त्रीनं ब्लेडनं वेढे कापले. रेस खाली आली.

"साब को बोलो, स्प्रिंग खराब थी," चाचा म्हणाला.

मला ते फार आवडलं. हायस्कुलातली जागा कायम होण्यासाठी वकीलसाहेबांचं पत्र जायचं होतं. पण स्प्रिंग म्हटलं असतं, तर ते विचारणार, स्प्रिंगकडे लक्ष कुणी ठेवायचं? म्हणजे पुन्हा चाचाच. संध्याकाळी मी त्यांच्यासमोर उभा राहिलो आणि सांगितलं.

त्यांनी माझी उलटतपासणी घेतली.

"दोरा कुणी बांधला?"

"मी."

"कुणी सांगितलं होतं?"

"कुणीच नाही."

"तुला शिकायला पाठवलं होतं ते पदार्थविज्ञान?"

"होय."

"त्यात सुताचं काही नव्हतं?"

"नव्हतं."

त्यांनी पानदान पुढे ओढून एक पान लावलं. मग दारातल्या चाचाला म्हणाले, "पाणी कमी वापरत जा."

झाली ती माफी एवढीच.

चाचानं मान न हलवता विचारलं, "दुसरा घर देखना क्या, साब?"

"कसलं घर? उद्या साडेदहाला कोर्ट आहे."

शनिवारी सकाळी मी हातपंपापाशी गेलो, तेव्हा चाचा पायरीवर चहा पीत बसला होता. मोटार धुळीनं माखलेली. मी म्हटलं, "चाचा, माझ्यामुळं तुमच्यावर आळ आला. माफ करा."

त्यानं बशी खाली ठेवली नाही. पायानं बादली माझ्याकडे सरकवली.

"नाक से शुरू करो," तो म्हणाला. "और घिसो जरा. गोरा साब रोज खुद घिसता था."

गोरा साहेब मोटार घासत असेल यावर माझा काडीचाही विश्वास बसला नाही. पण मी बाह्या वर सारल्या.