हंडा तू घास, तांब्या मी धुते

अन्याय झाला तो आमच्या मावशीवर. होळीच्या आदल्या दिवशी, सकाळच्या पाळीला, बोईसरच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात. गळका कॅन उचलताना तिच्या हातावर ॲसिड सांडलं. ती दवाखान्यात पोचायच्या आत सुपरवायझरने सांगून टाकलं, "प्यायली होती."

दोन शब्द. आदिवासी बाई आणि होळीचे दिवस. पुरावा मागतो कोण? दुपारपर्यंत ते शब्द रिक्षा स्टँडवरून तिच्या पाड्यावर पोचले. रविवारी प्रार्थनेला तिच्या शेजारची चटई रिकामी राहिली.

आता ऐका, ही बाई कोण. वारली, ख्रिस्ती, ताडीच्या थेंबालाही न शिवणारी. तिची एक सवय शिफ्टच्या सगळ्या बसला माहीत होती. राग आला की ती बोलायचीच नाही. "थांब, चूळ भरून येते," म्हणायची आणि खरंच गेटबाहेरच्या नळावर जाऊन खळखळून चूळ भरायची. मग बोलायची. बसचा ड्रायव्हर चिडवायचा, "मावशी, तुझ्यासाठी टँकर मागवू का?"

"मागव. तुज्याशी बोलायचा तर टँकरच लागंल."

मी एकदा विचारलं, चूळ भरून राग जातो का?

"राग कुठं जातो? पण हंड्यात हाय तेच तांब्यात येतं ना, मनात तेच तोंडात. म्हणून येशूला बोलली, हंडा तू घास, तांब्या मी धुते."

मी कामगार संघटनेचा कार्यकर्ता. कारखान्याच्या गेटवरच्या सभेसाठी तिचं भाषण मीच लिहिलं. 'रक्तपिपासू', 'नराधम' हे शब्द मी पत्रकात मिठासारखे टाकतो. तिने पट्टी बांधलेला हात मांडीवर ठेवून शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"नराधम म्हंजे काय रं?"

सांगितलं.

"नाय बाबा. त्या सुपरवायझरची पोर तापाने दवाखान्यात हाय. नराधम रात रात पोरीपाशी बसतो का?"

"मावशी, त्याने तुझं नाव घालवलं!"

"म्हणून तर येते. पण माज्या तोंडाने बोलंन."

सभेला सुपरवायझर आला तो हसतच. "काय मावशी, उतरली का?"

चार-दोन जण हसले. माझं डोकंच फिरलं. मावशी म्हणाली, "थांबा, चूळ भरून येते," आणि नळाकडे निघाली. सभा खोळंबली. माइक माझ्या हातात तसाच. ऐकू येत होती ती फक्त खळखळ.

परत येऊन ती त्याच्यासमोर उभी राहिली. "दादा, कॅन गळत होता. मी तुमाला सकाळीच सांगितला. तुमी बोलले, आजचा दिवस ढकल. मी प्यायली नव्हती. तुमाला ठाव हाय. सगळ्यांसमोर बोलले, सगळ्यांसमोर परत घ्या."

आवाज चढला नाही. एक अक्षरही मागे घेतलं नाही. मग म्हणाली, "पोरीचा ताप उतरला का?"

टोमणा असणार म्हणून मी तिच्या तोंडाकडे पाहिलं. टोमणा नव्हता. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. त्याचं हसू गळून पडलं. "उतरला," तो पुटपुटला.

तेव्हा गर्दीतून एक बिहारी बाई पुढे आली. मावशीच्या शेजारी काम करणारी, नोकरीच्या भीतीने इतके दिवस गप्प. "पी नहीं थी! हाथ जल रहा था, और चिल्लाई क्या, मालूम? 'बाय, सरक, तुजा पाय!' पहले मुझे ढकेला, बाद में रोई."

हात जळत होता तेव्हा चूळ भरायला नळ कुठे होता? वेळ कुठे होता? भाजताना तोंडातून निघतं ते धुतलेलं नसतं, ते थेट हंड्यातून येतं. मी देवबिव मानत नाही. पण तो हंडा कुणीतरी घासलेला होता, एवढं मला त्या गेटवर दिसलं. गर्दीलाही दिसलं असावं. घोषणा द्यायची कुणाला आठवणच राहिली नाही.

सुपरवायझर मान खाली घालून आत गेला. ते दोन शब्द मात्र त्याने परत घेतले नाहीत. मावशीची बोटं सरळ झाली नाहीत, काम सुटलं, ती मनोरकडे लेकीच्या घरी गेली. बस अजून त्या नळापाशी थांबते. ड्रायव्हर सवयीने एकदा तिकडे बघतो, मग गिअर टाकतो.

आणि ते दोन शब्द अजून बोईसरात फिरताहेत. कालच चहाच्या टपरीवर ऐकले. तुमच्यापैकी ज्यांनी ज्यांनी ते चहाबरोबर पुढे सरकवले, त्यांनी ते परत घ्या. त्याच टपरीवर, तेवढ्याच मोठ्याने.

आधी चूळ भरा.