टाचणीला दिवस गेले तेव्हा

पडदा वर जातो. रंगमंचावरचा नव्हे, त्याच्या मागच्या कपड्यांच्या खोलीतला. सकाळचे अकरा. लांब टेबल, तापत ठेवलेली इस्त्री, दोरीवर राजाचे तीन अंगरखे. स्टुलावर मी, खोटं पोट बांधून उभी. माझ्यासमोर गुडघ्यांवर बसून टाके घालणारी टाचणी.

टाचणी म्हणजे आमची शिवणबाई. तोंडात कायम चार टाचण्या, अंगानंही तशीच, म्हणून ते नाव. तिचा नवरा आमच्याच नाटक कंपनीत दिवे सांभाळायचा, त्याला सगळे दिवेवाला म्हणत. बारा वर्षांचा संसार, मूल नाही.

खोटी पोटं शिवावीत तर तिनंच. बाकीचे सरळ उशी बांधून द्यायचे आणि नटी उशी चोरून नेल्यासारखी चालायची. टाचणी कापसाच्या तळाशी वाळूची पुरचुंडी घालायची. बसथांब्यावर गरोदर बाई दिसली की खुशाल विचारायची, "ओढ कुठे बसते हो? कंबरेत की खाली?" बायका सांगायच्याही. ऐकताना तिचा हात नकळत स्वतःच्या पोटावर जायचा. ते मी पाहिलंय, आणि पाहिलं नाही असं दाखवलंय.

छत्तिसाव्या वर्षी गाठींमुळे तिच्या अंगावरून इतकं जायला लागलं की गर्भपिशवी काढावी लागली. तिनं होकार द्यायला आठ महिने घेतले. ऑपरेशन झालं आणि सात आठवड्यांनी ती बसून करायच्या कामापुरती परत आली.

तर त्या सकाळी टाका अर्धवट सोडून ती मोरीकडे धावली आणि ओकून आली. माझी जीभ आधीपासूनच सैल. म्हटलं, "काय गं, दिवस गेले की काय?"

बोलले आणि जीभ चावली. इस्त्री करणारी मावशी माझ्याकडे अशी बघायला लागली की इस्त्री फेकूनच मारते. टाचणी मात्र हसली. म्हणाली, "बाई, घरच पाडलंय. आता भाडेकरू राहणार कुठे?"

हसता हसता ती उजवी कूस धरून खाली बसली, ती उठेचना.

दिवेवाला सामानाच्या ट्रकबरोबर पुढच्या गावी गेला होता. मीच तिला टॅक्सीत घातलं आणि रुग्णालय गाठलं. घाईत माझं पोट सोडायचं राहिलं. दारातल्या नर्सनं चाकाची खुर्ची थेट माझ्या मागे लावली. "बसा, बसा, घाबरू नका."

"अहो मी नाही, ही!"

तपासायला होती एक तरुण डॉक्टरीण. पोट दुखतंय म्हणून आलेल्या प्रत्येक बाईची लघवी तपासायची, हा तिचा नेम. तपासणीत गर्भ आहे असं निघालं. नर्स हसून म्हणाली, "मॅडम, यांची तर पिशवीच काढलीय, नमुन्यांची अदलाबदल झाली. हा या बाईंचा असणार." बोट माझ्याकडे. मग मी गाठ सोडली आणि ते पोट टेबलावर ठेवलं. वाळूचा धप्प आवाज झाला. कुणी हसलं नाही.

तपासणी पुन्हा केली. उत्तर तेच. सोनोग्राफी झाली आणि डॉक्टरीण टाचणीच्या उशाशी येऊन बसली. हळू आवाजात तिनं समजावलं. गर्भपिशवी काढली त्याच्या दोन-चार दिवस आधीच बीज फळलं होतं, इतक्या लवकर कुठल्या तपासणीत ते दिसत नाही. पिशवी गेली, पण ते वर नळीत होतं, तिथेच वाढलं. फार क्वचित होतं असं. "तिथे ते जगू शकत नाही. नळी फुटायला लागली आहे, पोटात रक्त साठतंय. लगेच ऑपरेशन करायला हवं, नाहीतर तुम्ही हाती लागायच्या नाहीत."

टाचणीनं सगळं ऐकलं. एवढंच विचारलं, "म्हणजे आत्ता, या क्षणी, आहे ना?"

डॉक्टरीण म्हणाली, "आहे."

सहीचा कागद पुढे आला. टाचणीनं पेन घेतलं आणि म्हणाली, "आधी नवऱ्याला फोन."

"अहो, फोन नंतर करा. एकेक मिनिट मोलाचं आहे."

"नंतर काय सांगू, डॉक्टर? नंतर सांगण्यासारखं काही उरणारच नाही."

ती वाचली, हे इथेच सांगून टाकते. उगाच तुमचा जीव टांगणीला कशाला? पुढे एकवीस वर्षं तिनं आमचे कपडे शिवले, आणि या विषयावर पुन्हा चकार शब्द काढला नाही. म्हणून तिचं त्या दिवसाचं बोलणं मी जसंच्या तसं जपलंय.

डॉक्टरिणीनं नर्सला खूण केली. टेबलावरचा फोन लांब तारेसकट खाटेपाशी आला. पुढच्या गावच्या नाट्यगृहात कुणीतरी दिवेवाल्याला शिडीवरून खाली बोलावलं. टाचणीनं सही केली, कपाळावरचे केस मागे सारले, जणू तो तिला बघणार होता. चेहरा दुखण्यानं पांढराफटक, पण आवाज? इतकी वर्षं मी रंगमंचावर घालवली, तसा आवाज मला एकदाही लावता आला नाही.

"अहो, ऐकलंत का? मला दिवस गेलेत."

पलीकडून आधी "अगं, पण पिशवी तर..." एवढंच आलं. मग त्याचं हसणं मलासुद्धा ऐकू आलं, वेड्यासारखं, रडवेलं. तो कुणाला तरी ओरडून सांगत होता. टाचणीनं डोळे मिटून ते ऐकलं. स्ट्रेचर आलं, तरी रिसीव्हर कानावरून हलेना. मग तिनं तो माझ्या हातात दिला.

"पुढचं तुम्ही सांगा, बाई."