कॅप्टनचा नारळ

माझा स्वभाव पहिल्यापासून संशयी. दुकानदार गोड बोलला की मी माल दोनदा उलटून पाहतो. कॉलेजच्या शेवटच्या वर्षी तर संशय घ्यायला मला चांगलं कारणच मिळालं होतं.

नागपुरात दर हिवाळ्यात जुन्या खेळाडूंची एक कमिटी कॉलेजांचा फुटबॉल सामना भरवते. एक संघ शहराचा, एक देहाताचा. शहरात जिंकलेला संघ आपोआप येतो. देहातातल्या पहिल्या दोघांपैकी कोणाला बोलवायचं, ते मात्र कमिटीच्या मर्जीवर. त्या वर्षी आमचं खाप्याचं कॉलेज पहिलं आलं होतं. पण दुसऱ्या नंबरवाल्यांची आणि शहरवाल्यांची खुन्नस जुनी, वर्षानुवर्षं तीच जोडी लागायची आणि तिच्यासाठीच मैदान भरायचं. आमच्यातला एकही जण तो सामना खेळलेला नव्हता आणि बहुतेकांची ती शेवटची संधी होती.

बोलावण्याची रीत ठरलेली. ठरलेल्या रविवारी शहराचा कॅप्टन नारळ घेऊन देहाताच्या कॅप्टनच्या घरी जातो. त्याने तो आपल्या उंबरठ्यावर, आपल्याच हातांनी घ्यायचा, दिवे लागायच्या आत. घरच्या दुसऱ्या कोणी घेतलेला चालत नाही. कॅप्टन सापडला नाही तर नारळ दुसऱ्या संघाकडे जातो.

आमचा कॅप्टन मी होतो. नारळ आपल्याकडे येणारच नाही, याची मला खात्री होती, कारण आमचे खेळाचे सर. पंधरा दिवसांत तीनदा ते नागपुरात सीताबर्डीला जाऊन आले होते आणि फोन आला की पाठ फिरवून हळू बोलायचे. मी पोरांना सांगून टाकलं, सर दुसऱ्या नंबरवाल्यांना विकल्या गेले.

नारळाच्या त्या रविवारी सर एक मोठा लिफाफा घेऊन एसटीत चढले. रंगेहाथ पकडायचं म्हणून मी तोंडाला दुपट्टा बांधून त्याच बसच्या मागच्या सीटवर बसलो. सीताबर्डीच्या एका गल्लीत ते जिना चढून वर गेले. मी समोरच्या मोबाइल कव्हरच्या ठेल्याआड उभा राहिलो. मला अनोळखी नंबरवरून फोनवर फोन येत होते. मला वाटलं, सरांचाच कोणी माणूस आपल्यावर नजर ठेवून आहे. मी ते कापले. मग घरून आला, तोही कापला.

दोन तासांनी सर खाली आले. हातात मोठं गाठोडं होतं, त्याच्या तोंडातून पिवळी बाही बाहेर आलेली. तेव्हा कुठे मी जिन्यावरचा बोर्ड वाचला. तिथे जर्सीवर नाव आणि नंबर छापून मिळत होते. पिवळा रंग आमच्याच संघाचा, लिफाफ्यात आमच्याच नावांची यादी असणार. मला स्वतःची इतकी लाज वाटली की मी सरांना न दिसता निघालो.

घरी पोहोचलो तेव्हा आईने दिवा लावला होता. शहरातला एक मुलगा दुपारपासून ओट्यावर बसून होता, मांडीवर नारळ घेऊन. दिवा लागताच उठून गेला होता.

"मी म्हटलं मले दे, तर देई ना," आई म्हणाली. "तू फोन काहून उचलत नव्हता गा?"

मी त्या अनोळखी नंबरवर फोन लावला. नारळ दुसऱ्या संघाच्या कॅप्टनच्या घरी पोहोचला होता.

दुसऱ्या दिवशी मैदानावर पोरांनी मला घेरलं. कॅप्टन असून कुठे गेला होतास, असं सगळे विचारू लागले. सर गाठोडं घेऊन येताना दिसत होते. मी घाबरलो आणि तोंडाला आलं ते बोललो, सरांनीच मला सीताबर्डीला बोलावलं होतं.

सगळे सरांकडे वळले. सरांनी ते ऐकलं होतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि गाठोडं खाली ठेवलं.

"हो," ते म्हणाले. "मीच बोलावलं होतं याले."

त्या जर्सींना कोणी हात लावला नाही. पुढच्या महिन्यात सरांनी मैदानावर येणं सोडलं, आणि तुझा संशय खरा निघाला, असं पोरं मला येऊन सांगत राहिली.