बाबांच्या डाव्या हाताची पीटी

माझ्या वडिलांनी जऊळक्याच्या शाळेत तीस वर्षं पीटी शिकवली आणि स्वतः एकही उठाबशी काढली नाही. शिट्टी त्यांची, घाम पोरांचा!

किडन्या निकामी झाल्यावर डायलिसिससाठी बाबांच्या मानेतल्या शिरेत तात्पुरती नळी घातली. मग डाव्या हातात फिस्टुला केला, म्हणजे दोन रक्तवाहिन्या जोडून सुईसाठी जाड नस तयार करायची. जखम भरल्यावर डॉक्टरांनी रबरी चेंडू दिला. "रोज दाबायचा. नस फुगली की नळी काढू. नळीतून जंतू रक्तात गेले तर जिवावर बेततं." तेव्हापासून मला धड जेवण जाईना.

बाबा मात्र चेंडूला हात लावेनात. "कायले दाबू? सोनं निंगते काय त्यातून?"

शेवटी मी माझ्यासाठी दुसरा चेंडू आणला (केवढी ही अक्कल!) आणि समोर बसलो. "बाबा, आपन संगंच करू."

बाबा ताठ झाले. कित्येक दिवसांनी त्यांच्या आवाजात जोर आला! "एक! दोन! मनगट सरळ! पोया लाटून राह्यला काय?"

"पन बाबा, तुमचा चेंडू..."

"मधात बोलू नको! पुन्हा एकपासून!"

सकाळी शंभर, संध्याकाळी शंभर. चौथ्या दिवशी त्यांनी ट्रंकेतून शिट्टी काढली! माझ्या हाताचं लाकूड झालं, पण बाबा दोन घास जास्त खात होते. डावा हात ते चादरीखाली ठेवत; तिथं तेही दाबत असतील, असं मी धरून चाललो. चादर उचलून बघायची हिंमत पन्नाशीतही झाली नाही.

सहा आठवड्यांनी डॉक्टरांनी बाबांचा हात चाचपला. नस होती तशीच, बारीक. "व्यायाम केला नाही?"

"रोज दोन टाइम घेतला जी!" बाबा कडाडले. "दाखव रे!"

मी निमूट बाही वर केली.

"अशी नस पाहिजे होती," डॉक्टर म्हणाले, "पण यांच्या हातात."

बाबांचा आवाज एकदम बसला. "मंग नळी राह्यतेच?"

"सध्या तरी. कदाचित परत ऑपरेशन."

आम्ही बाहेर आलो. मला स्वतःची भयंकर लाज वाटत होती. एसटीपाशी बाबांनी औषधांची जड पिशवी माझ्याकडे सरकवली. "धर. तुहा हात तयार झाला."

बापाला वाचवायला निघालेला मी, हमालीत पहिल्या नंबरानं पास झालो!