आडव्या रेघा

आम्ही नवराबायकोनं मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे जुन्या लुगड्यांची वाकळ पिळली. नळावर एक टोक तिच्या हातात, दुसरं माझ्या. तिला धाप लागली. "अवं, थांबा की जरा. वाकळ काय पळून जात न्हाय," म्हणाली आणि तिथंच दगडावर बसली. ती उठंना, तसं रिक्षात घालून दवाखान्यात नेली.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या. सोनोग्राफी पोटाची असते एवढंच मला ठाऊक. त्यांनी त्या मशीनचा ठोकळा हिच्या बरगड्यांवर टेकवला. म्हणाल्या, "काका, फुप्फुसात हवा असली की पडद्यावर एकाखाली एक आडव्या रेघा दिसतात. आत रेघा नसतात, तो नुसता पडसाद. पण दिसला की बरं. इथं बघा, वरून खाली उभ्या पांढऱ्या पट्ट्या. एखाददुसरी चालते, ह्या फार आहेत. म्हणजे पाणी झालंय, हवा कमी."

माझी उमर गेली उचगावच्या बाजूला फाउंड्रीत, पंपाचे भाग ओतण्यात. ओतलेल्या मालात हवा राहिली की माल भंगारात. मी बोलून गेलो, "हवा कमी हाय न्हवं? मग बरंच की!"

बाई बघतच राहिल्या. ही ऑक्सिजनच्या मास्कच्या आतनं हसली. "अवं, मी काय तुमच्या फाउंड्रीतला पंप हाय व्हय?"

मग रोज सकाळी बाई मशीन लावायच्या आणि मी पडद्याला डोळे लावायचो. औषधानं पट्ट्या विरळ झाल्या. उजव्या अंगाला आडव्या रेघा आल्या.

"डावीकडं आल्या की घरी," बाई म्हणाल्या.

"घरी गेल्यावर आधी चहा," ही म्हणाली. "हितला म्हंजे भांडी विसळल्यालं पाणी."

डावी बाजू आलीच न्हाय. एका दुपारी बोलता बोलता तिचं काळीज थांबलं.

सुतकात दुसऱ्याच्या दारात जाऊ नये म्हणतात. सून मागनं हाका मारत होती, तरी मी दुसऱ्या दिवशी सकाळी दवाखान्यात गेलो. बाईंना म्हणालो, "ते मशीन मला लावा."

"काका, दम लागतोय का?"

"न्हाय. डावीकडं कसं दिसाय पायजे हुतं, ते बघायचंय."

सदरा काढून मी आडवा झालो. बाईंनी ठोकळा डाव्या बरगड्यांवर टेकवला. पडद्यावर आडव्या रेघा आल्या, एकाखाली एक, खाली खाली पुसट होत गेलेल्या.

बाई हात उचलायला लागल्या.

"ऱ्हाऊ द्या की थोडा वेळ," मी म्हणालो.