पुढच्या खेपेला सांगजो

ये पोरी, अशी जवळ बस. तू पुण्यात आहेस हे मला ठाऊक आहे, पण वाचताना तरी जवळ बस आणि तो फोन जरा पालथा ठेव. दर वेळी म्हणतेस, "येते गं आजी, या सुट्टीत नक्की." सुट्टी निघून जाते आणि मग तुझा आवाज बारीक होतो. मी रागावले नाही असं समजू नकोस. रागावलेच आहे. पण रागाचं नंतर पाहू. आज तुला गयामायचं सांगायचं आहे. तू तिला कधी पाहिलं नाहीस, आणि आता पाहणारही नाहीस.

गयामाय इथे वडनेरात माझ्या भिंतीला भिंत लावून राहायची. बुटकी, काळीसावळी, चालताना डावा खांदा पुढे. विहिरीवर अर्धा एकर भाजीपाला. वांगी, मिरच्या, सांबार म्हणजे तुमची कोथिंबीर. सकाळच्या एसटीने टोपलं घेऊन नांदुऱ्याच्या बाजारात जायची, दुपारी परत. येताना माझ्याकडे चहा प्यायची. आणि उठून दारापर्यंत गेली की हमखास वळून काहीतरी विचारायची. "काऊन वं, यंदा लोणच्याले कैऱ्या कोणाच्या झाडाच्या घेशीन?" मी तोंड उघडलं की पंजा वर. "आता नको सांगू. इचार कर. पुढच्या खेपेला सांगजो." आणि चालती व्हायची.

सगळ्यांशी असंच. पोस्टमनला विचारायची, पोरगी कोणत्या गावी देशील. कंडक्टरला विचारायची, रिटायर झाल्यावर सकाळी उठून करशील काय. उत्तर घ्यायची नाही. पण पुढच्या वेळी विसरायचीही नाही. "बोल, काय ठरवलं मंग?" नव्या माणसाला वाटायचं, म्हातारीचं डोकं फिरलं. मलाही थोडं तसंच वाटायचं. ही सवय कुठून आली, ते मी तिच्यासोबत जेलात गेले तेव्हा कळलं.

तिचा एकुलता एक मुलगा दिनकर. धुऱ्याच्या भांडणात, म्हणजे दोन शेतांमधल्या बांधावरून, त्याने शेजारच्या शेताचा तरणाताठा मालक आणि त्याची बायको, दोघांना कुऱ्हाडीने मारलं. मागे त्या घरात त्याची म्हातारी आई एकटी राहिली, सरूबाई. कोर्टाने दिनकरला फाशी सुनावली, वरच्या कोर्टाने ती कायम केली. राहिला फक्त दयेचा अर्ज, तो वर जाऊन पडलेला. त्याची बायको लेकरू घेऊन माहेरी गेली. तिला कोणी बोल लावला नाही, गयामायने तर नाहीच.

बायका तिचं मन राखायला म्हणायच्या, पोरगं तसं नव्हतं हो, डोक्यात राग गेला असेल. गयामाय तिथल्या तिथे तोडायची. "तसंच होतं. त्याचे हात मी धुतले त्या दिवशी, तुम्ही नाही." सरूबाईचं घर एसटी थांब्याच्या वाटेवर. त्या दिवसापासून गयामाय टोपलं डोक्यावर घेऊन गावाला वळसा घालून थांब्यावर जायची. उन्हाळ्यात पाय भाजायचे. मी एकदा म्हटलं, सरूबाई काही दारात उभी नसते. ती म्हणाली, "ते नसते म्हणून काय झालं. मी असते ना."

जेल लांब. नांदुऱ्याहून रेल्वेने जायचं, मग रिक्षा, मग फाटकापाशी नाव पुकारेपर्यंत उन्हात बसायचं. तिला वाचता येत नव्हतं आणि मी पोरांच्या जुन्या पुस्तकांवरून अक्षर शिकलेली, म्हणून पाट्या वाचायला मी सोबत. दिनकरने मुलाखतीच्या, म्हणजे भेटीला येणाऱ्यांच्या, नावांत माझं नाव मावशी म्हणून घातलं होतं. जाड काचेच्या अलीकडे आपण, पलीकडे तो, आणि बोलायला फोन. मी पहिल्यांदा गेले तेव्हा तो एका हाताने पायजमा धरून आला. मला वाटलं, आजारी आहे. नंतर कळलं, फाशी यार्डात नाडी ठेवू देत नाहीत. माणसाने स्वतःला काही करून घेऊ नये म्हणून. पोरी, कायद्याने मारायचं आहे म्हणून तोवर जपून ठेवायचं. मी अडाणी बाई, मला हे काही केल्या उलगडत नाही.

त्याच्या तोंडून तुटक तुटक ऐकलं ते सांगते. एकेकाची वेगळी खोली. दिवसातला थोडा वेळ बाहेर सोडतात, बाकी आत. दिवा कधी बंद होत नाही. "माय, अंधार पाह्यलाच नाही किती साल झाले," तो म्हणायचा, आणि आमच्याकडे लाइट गेली की गयामाय ओट्यावर अंधारात बसून राहायची. बाकीच्या कैद्यांना काम असतं, कोणी माग चालवतो, कोणी स्वयंपाकघरात. यांना काम नाही. हाताला काही नाही. अवेळी बुटांचा आवाज आला की सगळी ओळ श्वास धरते, आवाज पुढे गेला की मग कोणीतरी खोकतो. शेजारचा एकजण रोज पहाटे आंघोळ करून धुतलेले कपडे घालून दाराशी बसायचा. नेलं तर आपण तयार असावं म्हणून. दिवस वर आला की कपडे काढून घडी करून ठेवायचा.

अशात एका मुलाखतीला दिनकर धड बोललाच नाही. नुसता काचेकडे बघत बसला. गयामाय मग वांग्यांवर आली. विचारलं, बियाण्याला कोणतं झाड ठेवू? तेवढ्यात वेळ संपली, फोन बंद. तो पलीकडे ओठ हलवत राहिला. पुढच्या वेळी गेलो तर त्याने फोन उचलला तो थेट म्हणाला, "विहिरीजवळचं नको. ते पाण्यावर लाडावलेलं राह्यते. मधल्या ओळीतलं ठेव, कमी पाण्यावर फळलेलं." कशी आहेस नाही, काही नाही. परतीच्या गाडीत गयामाय माझ्या कानाशी लागून म्हणाली, "एवढे दिवस पोरगं त्या खोलीत नव्हतं वं. वावरात होतं, झाडं पाहत."

तेव्हापासून तिने धरलं. दर खेपेला उठताना एक प्रश्न टाकायचा आणि उत्तर घ्यायचं नाही. विहिरीला नवी मोटर घ्यावी का जुनीच बांधून घ्यावी. बकरी ठेवावी का विकावी. आणि एक नेम, काचेपाशी खोटं बोलायचं नाही. त्याने बकरी ठेव म्हटलं तर बकरी ठेवायची. जे झालं तेच सांगायचं. मी म्हणायचे, थोडं गोड सांगत जा. ती म्हणायची, "तिथं त्याच्याजवळ दुसरं काय आहे? माह्या बोलण्यावर तर राह्यते तो." मग हीच सवय तिला गावभर लागली.

मागच्या साली तो शेजारचा, धुतलेल्या कपड्यांचा, त्याचा अर्ज नामंजूर झाला. त्याला त्या ओळीतून हलवलं. कुठे, कोणी सांगितलं नाही. घडी केलेले कपडे मात्र तिथेच राहिले. त्या खेपेला दिनकर शांतपणे म्हणाला, "माय, मी वकिलाले सांगतो, अर्ज वापस घे म्हणून. रोज मरण्यापेक्षा एकदाचं होऊ दे. तूबी सुटशीन." गयामायने पदर तोंडाला लावला नाही की काही नाही. तिला त्याला एक वाईट बातमी सांगायची होती आणि नेमाप्रमाणे तिने ती सांगितली.

बातमी अशी. त्याच्या सांगण्यावरून मधल्या ओळीतलं झाड बियाण्याला ठेवलं होतं, ओळखू यावं म्हणून फांदीला लाल चिंधी बांधली होती. त्याच आठवड्यात वावरात, म्हणजे शेतात, गावजेवण झालं, कणकेचे रोडगे आणि वांग्याची भाजी. रोडगे गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजून निघाले, भाजीला वांगी कमी पडली. रांधणाऱ्या बायका गयामायच्या वाफ्यात शिरल्या. चिंधी त्यांनी पाहिली, पण त्यांना वाटलं, फळ चांगलं लागलं म्हणून म्हातारीने नजरेसाठी बांधली असेल. झाडावरची सगळी वांगी खुडून नेली. वर चिंधी नीट परत फांदीला बांधून ठेवली.

दिनकरने ऐकलं आणि त्याचा चेहरा लाल झाला. "चिंधी परत बांधली?" त्याने विचारलं. मग जो सुटला! चिंधी नजरेची काळी असते, लाल असते का? तू काय करून राह्यली होती? वाढत बसली होती? हातवारे करायला त्याने पायजम्यावरचा हात सोडला आणि पायजमा घसरला. त्याने तो दोन्ही हातांनी पकडला, फोन तारेला लोंबकळत राहिला, मागचा शिपाई तोंड फिरवून हसला. गयामाय इकडे मान खाली घालून पोराच्या शिव्या खात होती आणि तिचे खांदे हलत होते. मला वाटलं, रडते. ती हसत होती. फोन पुन्हा कानाला लावून तो म्हणाला, "पुढच्या साली मले इचारल्याशिवाय कोणाले वाफ्यात पाय ठेवू देजो नको."

पुढच्या साली. बाहेर आल्यावर ती फाटकापाशी खालीच बसली. "ऐकलं ना तू? पुढच्या साली म्हने." अर्ज त्याने मागे घेतला नाही. तो अजून वरच पडून आहे.

यंदा दिवाळीनंतरच्या मुलाखतीला तिने त्याला शेवटचा प्रश्न टाकला. तो शेवटचा हे आम्हा कोणाला माहीत नव्हतं. ती म्हणाली, "सरूबाईचा वाफा सुना पडून आहे. कोणी लावून देणारं नाही. आपलं बी न्यावं का तिच्याकडे?" त्याचा हात काचेवरच राहिला. गयामाय म्हणाली, "आता नको सांगू. पुढच्या खेपेला सांगजो."

संक्रांतीच्या आधी ती गेली. ताप आला, छाती भरली, नांदुऱ्याच्या दवाखान्यातून परत आणली ती तशीच. दिनकरला मातीला आणता येत नव्हतं. सांगायला मी एकटी गेले. वाटभर मनाशी वाक्यं जुळवत होते, आणि काचेपाशी बसले तर त्यानेच माझ्या शेजारची रिकामी जागा पाहिली. मी म्हटलं, "दिनू, माय गेली." तो रडला नाही. फोन कानाला तसाच. शिपायानेही घाई केली नाही.

मग तो म्हणाला, "मावशी, मायनं इचारलं होतं ना बियाण्याचं. नेऊ नका. सरूबाईनं आपल्या हातचं काऊन घ्यावं? आपण दारात जाऊ अन् तिले नाही म्हणा लागीन. तेवढंबी काम आपल्यापायी तिच्या मागं लावू नका." शेवटी म्हणाला, "वळसा घालून जात जा. माय जायची तसं."

मी हो म्हटलं. मी आता वळसा घालूनच जाते, गुडघे बोलतात तरी. वेळ संपत आली, मी उठले. तो उठला नाही. पायजमा धरून बसून माझ्याकडे बघत होता. तेव्हा ध्यानात आलं, हा वाट बघतो आहे. मी विचारणार काय, पोरी? माझं ना शेत ना बकरी. तू आदल्या दिवशी फोनवर येते म्हणाली होतीस तेवढंच डोक्यात होतं. मी म्हटलं, "माही नात येणार आहे पुण्याहून. तिले आपल्या वांग्याचं भरीत घालू का रस्सा करू?" आणि पंजा वर केला. "आता नको सांगू."

पुढच्या खेपेला त्याने सांगितलं. भरीत, पण वांगं तुरीच्या काड्यांवर भाजायचं, गॅसवर नाही, मिरच्या सोबतच भाजायच्या, आणि कांद्याची पात वरून कच्ची. सगळा विचार करून ठेवलेला. मग विचारलं, "आली का ती?" मी म्हटलं, अजून नाही. मागच्या खेपेलाही त्याने तेच विचारलं. मीही तेच सांगितलं.

गयामायच्या वाफ्याला आता मीच पाणी घालते. मधल्या ओळीतल्या झाडाला मी चिंधी बांधली आहे, बाकीची वांगी तुझ्यासाठीच आहेत. तुरीच्या काड्या ओट्याखाली रचून ठेवल्या आहेत. त्या काचेपाशी मला खोटं बोलता येत नाही, आणि तिसऱ्यांदा नाही म्हणायला माझी जीभ उचलणार नाही. तेवढ्यासाठी ये. पुढच्या मुलाखतीच्या आत ये, जेवून जा.