उष्टा दगड

संसार मोडल्यावर मी ॲडलेडहून पर्थच्या नव्या नोकरीवर एकटाच गाडीने निघालो होतो. वाळवंटात डोळे मिटायला लागले म्हणून चुनखडीच्या एका कड्यापाशी थांबलो. तिथे एक म्हातारी भूगर्भतज्ज्ञ थरांमधले जीवाश्म शोधत होती. तुकडा उचलायची, गुडघ्यावर हात टेकून कशीबशी उठायची आणि दगड सरळ चाटायची. ओल्या जागी शिंपले उमटायचे, उन्हाने लगेच दिसेनासे व्हायचे. ती परत चाटायची.

“कंटाळा नाही येत?” मी विचारलं.

“येतो की, मेट. पण कोरडं पडलं की इथे समुद्र होता हे माझंच मला पटत नाही.”

निघताना तिने तो तुकडा माझ्या हातावर ठेवला. उष्टा म्हणून मी दोन बोटांत धरून डॅशबोर्डवर टाकला.

पर्थच्या रिकाम्या फ्लॅटमध्ये तो नुसता पांढरा दगड होता. मी दार लावून घेतलं आणि चाटून पाहिला.